सगळ्यात उंच तो राजा

११ नोव्हेंबर, मंगळवार

पोचलो एकदाचा. कारखान्यात परदेशी माल थांबलाय, सगळ्यांना घरी धाडलंय. अमृतसर ते पनवेल दोन रात्री, पनवेल ते वीर दाराशी उभा, वीरहून रिक्षाने महाड, मग पोलादपूर, मग वस्तीच्या एसटीने वाडीचा फाटा. पुढे चढ. बॅगेत कपडे कमी, आईसाठी शाल नि माझ्या चार पटाश्या.

ओटीवर आबा नि शेजारचा हैबतीकाका बुद्धिबळ खेळत बसलेले. मी पाठवलेलाच डबा. आबांनी मान वर केली. "आलास? थांब जरा, याला शह हाय." एवढंच! तीन वर्षांनी आलेल्या पोराला.

बॅग ठेवून बघत उभा राहिलो. मला खेळता येत नाही. हे घरी कुणाला सांगितलेलं नाही. तीन वर्षं सोंगट्या बनवतोय, पण कुठली कशी चालते ते कारखान्यात कुणी विचारत नाही. मापं विचारतात. मापं मी झोपेत सांगेन.

हैबतीकाका बोलला, "राजा सांभाळ, भागोजी." आबांनी हात घातला, वजीर उचलला नि एक घर बाजूला ठेवला.

वजीर! दात्यांचा मुकुट असलेला.

वाटलं, चुकून. मग डाव संपेपर्यंत हललो नाही. दोघंही वजिरालाच राजा समजतात. नि खरा राजा, मोडक्या शेंड्याचा, त्याला वजीर म्हणून पटभर पळवतात.

काही बोललो नाही. जेवलो. आई बोलली, "तीन गणपती चुकवलेस, आता तरी टिकशील का घरात?" मी शाल काढून दिली.

१२ नोव्हेंबर, बुधवार

हे दोघंच नाहीत. सगळी वाडी तशी खेळते. देवळाच्या पायरीवर चार पोरं कागदी पटावर खडूचे तुकडे नि बाटल्यांची झाकणं घेऊन बसली होती. एका झाकणावर पेनाने मुकुट काढलेला. विचारलं, हा कोण? "राजा. भागूआबांनी शिकवलं."

१३ नोव्हेंबर, गुरुवार

चूक माझी. लिहूनच ठेवतो.

पहिल्या वर्षी दिवाळीला घरी पाठवायला काही नव्हतं. कारखान्यात एक टोपली असते, टाकाऊ मालाची. चीर गेलेलं, टवका उडालेलं, माप चुकलेलं सगळं त्यात. मास्तर, म्हणजे आमचा मुख्य कारागीर, बोलला, घे काय घ्यायचं ते. मी बत्तीस सोंगट्या वेचल्या. राजे घेतले, त्यांचे क्रॉस तुटलेले होते. राजाचा क्रॉस वेगळा करून वर बसवतात, तेच आधी तुटतं. त्या मापाचे वजीर टोपलीत नव्हते. मोठ्या सेटचे होते, ते घेतले. दिसायला चांगले दिसले.

डबा पोचल्यावर बहिणीचा, अक्षदाचा फोन. तिच्याकडे खेळाचे नियम छापलेला कागद होता, पण चित्रं नव्हती. "दादा, यातला राजा कुठला?" मी लेथवर होतो, मागे मास्तर उभा. घाईत बोललो, "उंचीने लाव गो. सगळ्यात उंच राजा, मग वजीर, मग उंट, घोडा, हत्ती, प्यादं."

ते खरंच आहे. कुठल्याही सेटमध्ये खरं आहे. मी पाठवलेल्या डब्यात सोडून.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

अक्षदाला बाजूला घेऊन सांगितलं. ती पोलादपूरला बारावीला आहे. ती बोलली, "मला ठाऊक हाय रे. मागच्या वर्षी मोबाइलवर बघितलं तेव्हाच कळलं."

"मग सांगितलं नाहीस?"

"तू सांग की. तू पाठवलंस."

१५ नोव्हेंबर, शनिवार

आबा चौदा डिसेंबरला महाडला जाणार! खुली स्पर्धा आहे, कुठल्याही वयाचा चालतो. नाव दिलंय, पावती देवाच्या फोटोमागे लावलीय. वाडीने टेम्पो ठरवलाय, बारा माणसं बघायला जाणार. हैबतीकाका तर बोलतो, "कप ठेवायला फळी ठोकून घे, भागोजी."

आईने भांडी घासता घासता सगळं सांगितलं. मुंबईला हमाली करताना कंबर गेली, आबा घरी बसले, ते मला माहीत होतं. पण बोलणं बंद झालं होतं ते मला कुणी कळवलं नव्हतं. दोन-दोन दिवस एक शब्द नाही. भाताचं ताट समोर ठेवलं तरी भिंतीकडे तोंड. "तुझा डबा आला नि माणूस उठून बसला. आल्या-गेल्याला सांगतात, पोरानं स्वतः केलाय. तू नोकऱ्या सोडत फिरतोस याचं तोंडावर नाव काढत नायत आता."

पनवेलचं हॉटेल, सुरतेची गिरणी, भिवंडीचं गोदाम. सगळी सोडली मी. एक वर्ष कुठे पुरं केलं नाही. हा डबाच काय तो.

महाडच्या पटावर आबांच्या पुढे खरा सेट येणार. सवयीने मुकुटाला राजा समजणार. बारा माणसांच्या देखत.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज सांगणार होतो. आबा नदीवर आंघोळीला जाताना मागे गेलो. ते बोलले, "महाडला कुणी विचारलं पोरगा काय करतो, तर काय सांगू? सुतार?" बोललो, "सोंगट्या कातणारा." ते दोनदा पुटपुटले. सोंगट्या कातणारा, सोंगट्या कातणारा.

नाही सांगितलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

ठरलं. नुसतं तोंडाने सांगून उपयोग नाही. बरोबर मापाचा सेट करून हातात द्यायचा, मग सांगायचं. आबांना रोज हाताळायला मिळेल, सवय मोडेल. सत्तावीस दिवस आहेत.

लेथ पाहिजे.

१९ नोव्हेंबर, बुधवार

घरी सांगितलं, बिरवाडीला कंपनीत काम बघायला जातो. आबा खूश. आईने डबा दिला.

बिरवाडीत श्रीपत सुतार आहे, साठीचा. लाटणी नि पाळण्याचे खांब कातून देतो. बायको सोनाबाई खोल्या भाड्याने देते, कंपनीतल्या पोरांना. श्रीपतकाकांना बोललो, दिवसभर तुमची लाटणी कातून देतो, दुपारचा तास-दोन तास लेथ माझी. त्यांनी माझ्या पटाश्या धारेवर अंगठा फिरवून बघितल्या. "पंजाबी धार हाय. बस."

लाकूड त्यांच्याकडेच मिळालं. पांढऱ्यासाठी हेदू, पिवळट, रेषा जवळजवळ नाहीत. काळ्यासाठी शिसवीचे तुकडे, एका जुन्या पलंगाचे पाय.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

मापं पुन्हा लिहितो, मिलीमीटरमध्ये, म्हणजे चुकायला नको.

राजा ९५. वजीर ८५. उंट ७०. घोडा ६०. हत्ती ५५. प्यादं ५०. बूड उंचीच्या निम्म्याहून थोडं कमी, प्याद्याचं जरा जास्त. पटाचं घर ५५. एका घरात चार प्यादी दाटीने उभी राहिली तर पट नि सोंगट्या एकमेकांना जुळल्या, असं मास्तर सांगतो.

चार प्यादी झाली. श्रीपतकाका बोलले, "एकासारखं एक! लाटणी अशी कातलीस तर बायका भांडतील, आपलं कुठलं ते कळणार नाय."

२४ नोव्हेंबर, सोमवार

सोळा प्यादी, चार हत्ती. एक हत्ती खिशात घरी आला. आईला सापडला.

"हे काय रे?"

"हत्ती. कंपनीजवळ एकाकडे बघितला, आणला."

"हत्ती? याला सोंड कुठाय? हा तर गडाचा बुरूज." मग डब्यातल्या घोड्याशेजारी उभा करून बघितला. "नि घोड्याहून ठेंगणा? असा हत्ती मी नाय बघितला बाबा. कुणी केलंय हे, त्यानं जनावरं तरी बघितली असतील का?"

हसलो. पण तीन वर्षांत मला हा प्रश्न पडला नव्हता. ५५ सांगितलं, ५५ कातलं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

उंट. डोक्याला तिरकी खाच द्यायची असते, करवतीच्या एका ओढीत. दुसरी ओढ दिली की गेला. दोन गेले.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

अक्षदाने मला खेळ शिकवला, गोठ्यामागे, जमिनीवर रेघा मारून. मी अर्ध्या तासात तीनदा हरलो. ती बोलली, "एवढी वर्षं तिकडे काय केलंस रे?"

पण आता कळतंय. राजा एकच घर चालतो. सगळ्यात उंच नि सगळ्यात कमी चालणारा. वजीर त्याच्यापेक्षा दहा मिलीमीटर कमी नि सगळीकडे धावतो. कातताना दोघांना मी सारखाच वेळ देत होतो.

३० नोव्हेंबर, रविवार

राजे-वजीर झाले. राजाचे क्रॉस वेगळे कोरले, भोकात बसवले, सरस लावला. वजिराच्या मुकुटाला आठ दाते. बुडात शिसं पाहिजे, नाहीतर फुंकरीने पडतात. तुडीलच्या एका भोयाने जाळ्याच्या कडेचं जुनं शिसं दिलं. वितळवून ओतलं. बुडाला हिरवं बनातीचं कापड, सोनाबाईंच्या पेटीतलं.

राहिले घोडे.

घोडा लेथवर होत नाही. बूड कातायचं, वरचं डोकं पटाशीने कोरायचं. कारखान्यात घोडेवाले वेगळे बसतात, त्यांच्या बाकाजवळ आम्हाला कोणी फिरकू देत नाही. अर्ध्या सेटचं मोल त्या चार घोड्यांत असतं. घरी मी फोनवर सांगितलेलं, घोडे पण मीच करतो. खोटं होतं ते.

१ डिसेंबर, सोमवार

पहिला घोडा गाढव झाला. दुसरा बकरा. श्रीपतकाका इतके हसले की खोकला लागला.

२ डिसेंबर, मंगळवार

जुन्या डब्यातले घोडे बरोबर मापाचे आहेत. साठाला साठ. फक्त कानाचा टवका उडालेला, म्हणून टोपलीत गेले होते. आज सकाळी आबा शेतावर गेल्यावर चारही काढून घेतले. पांढऱ्याला हेदूच्या रंगाचं पॉलिश, काळ्याला शिसवीचं. आता बत्तीस पुरे.

उद्या सांगतो.

३ डिसेंबर, बुधवार

आपणहून सांगायची वेळच आली नाही.

बिरवाडीहून आलो तर ओटीवर बोंब. आबा डबा उलटा करून बसलेले. "घोडे कुठायत? चारही नायत! हैबत्या, तू नेलेस!"

"मी कशाला नेऊ? माझ्याकडं म्हशींना पेंढा नाय, तुझे घोडे कुठं बांधू?"

"मग गेले कुठं? चरायला?"

वाडीतली पोरं अंगणात. आई मधे पडत होती. मी पिशवी पुढे केली. "माझ्याकडे आहेत आबा. हा बघा, नवा सेट. तुमच्यासाठी केला."

आबांनी एकेक सोंगटी काढली, हातावर तोलली, बूड दाबून बघितलं. असं बघत होते की मला वाटलं, झालं, आता सांगायलाच नको काही. मग पटावर मांडायला लागले. मुकुटवाला राजाच्या घरात. क्रॉसवाला त्याच्या बाजूला.

"आबा, उलटं झालं."

"काय उलटं?"

"तो क्रॉसवाला राजा. मुकुटवाला वजीर."

"हॅट्. तूच सांगितलंवतंस, उंच तो राजा."

"तोच उंच आहे. हा पंच्याण्णव, हा पंच्याऐंशी. त्या डब्यातला वजीर मोठ्या सेटचा होता. मीच घातला. टोपलीत दुसरा नव्हता."

"कसली टोपली?"

सांगितलं. टाकाऊ मालाची.

आबांनी क्रॉसवाला नि मुकुटवाला दोन्ही हातात घेतले. "मंजी तीन वर्सं आमी वजिराला राखत बसलो?"

हैबतीकाका आधी हसला. "नि राजाला मारामाऱ्या करायला धाडला! सरपंच वणवण फिरतोय नि शिपाई खुर्चीत!" मग पोरं हसली. मग सगळं अंगण.

आबा उठले. मला बोलले, हळूच, "टाकाऊ माल पाठवलास. नि मी वाडीभर सांगत फिरलो, माझ्या पोराने केलाय."

आत गेले. जेवले नाहीत.

४ डिसेंबर, गुरुवार

आबा बोलत नाहीत. भिंतीकडे तोंड.

५ डिसेंबर, शुक्रवार

तेच. महाडची पावती देवाच्या फोटोमागून काढून चुलीजवळ टाकलेली. आईने उचलून पदरात बांधली.

अक्षदा त्यांच्याजवळ जाऊन बसली. "आबा, खेळ तोच हाय. फक्त नाव बदललं."

"नाव बदललं तर काय बदलत नाय? उद्या तुला ठकूबाई बोललो तर येशील काय धावत?"

आई आतून, "ती नाय येणार, मी पण नाय येणार!"

हसले नाहीत. पण बोलले तरी.

६ डिसेंबर, शनिवार

हैबतीकाका आला. ओटीवर न बसता अंगणातूनच मोठ्याने, "भागोजी, तू जात नायस तर तुझ्या नावावर मी जातो. टेम्पो ठरलाय, फुकट कशाला घालवू?"

आतून, "तू? तुला उंटाची चाल येत नाय धड!"

"मग मला कोण विचारतंय? ते बोलणार, वाडीतला सगळ्यात भारी हाच असंल."

७ डिसेंबर, रविवार

सकाळी उठलो तर आबा ओटीवर. नवा सेट मांडलेला. बरोबर मांडलेला. डोळ्यांना आईचा जुना टॉवेल बांधलेला नि अंगठा राजाच्या शेंड्यावर.

"डोळं फसवतात," बोलले. "डोळ्यांना तीन वर्सांची खोड हाय. बोटांना नाय. शेंड्याला क्रॉस लागला की राजा, दाते टोचले की वजीर."

दिवसभर तेच. मी पट फिरवायचा, ते चाचपून ओळखायचे. पहिल्या विसांत सहा चुका. रात्री जेवायच्या आधी विसांत एकही नाही.

टोपलीबद्दल एक शब्द काढला नाही. मीही नाही.

१० डिसेंबर, बुधवार

हैबतीकाका नव्या सेटवर सलग पाच डाव हरला. बोलतो, "माझा राजा मला ओळखीचा वाटत नाय, म्हणून." आबांची बोटं आता न थांबता चालतात. उचलायच्या आधी शेंड्याला अंगठा, मग उचल. आमच्या वाडीत उचलली की खेळायची असा नियम आहे, आबांनीच घातलेला. हैबतीकाकाला त्यांनी आजवर एक चाल परत दिलेली नाही.

१३ डिसेंबर, शनिवार

आईने आबांचा सदरा इस्त्रीला पोलादपूरला पाठवला. इस्त्रीला!

१४ डिसेंबर, रविवार

झोप येत नाही, सगळं लिहून काढतो.

महाडला शाळेच्या हॉलमध्ये साठेक जण. अर्धी तर पोरंच. आम्ही वाडीचे बारा भिंतीला टेकून उभे. प्लास्टिकचे सेट, पण मापाचे. मी लांबूनच बघितलं, पंच्याण्णव-पंच्याऐंशी.

सुरुवातीला पंचांनी माइकवर नियम सांगितले. "सोंगटीला हात लागला की तीच खेळावी लागेल. उचलली नाही तरी. नुसता स्पर्शसुद्धा."

मी अक्षदाकडे बघितलं, तिने माझ्याकडे. स्पर्शसुद्धा! आठवडाभर आबांनी कसली सवय केली? चाचपायची!

आबांनी हात मागे घेतले नि मांडीखाली घातले. पहिल्या डावात बराच वेळ पटाकडे नुसते बघत राहिले. मग खेळायला लागले, प्यादी, घोडे, उंट. नि मग एक गंमत केली. आपला वजीर समोरच्याच्या वजिराच्या तोंडात दिला, त्याने मारला, यांनी उलट मारला. दोन्हीकडचे वजीर पटाबाहेर.

हैबतीकाका कुजबुजला, "हे काय केलंन! मोठं हत्यार घालवलंन!"

अक्षदा एकदम बोलली, "नाय काका! आता पटावर उंच एकच उरला. तो राजा. चुकणार कसे?"

डाव जिंकले. दुसरा तसाच. वजीर आधी घालवायचा, मग निवांत. तिसरा हरले, पण तो हत्तींच्या मारामारीत, राजा-वजिराची चूक नाही. चौथा जिंकले. वाडीच्या माणसांना बाहेर चहा पण सुचेना.

पाचवा डाव. समोर सेजल नावाची पोरगी, दहा वर्षांची, पाय खुर्चीवरून जमिनीला पोचत नव्हते. आबांनी वजीर पुढे केला. तिने मारला नाही. आपला वजीर बाजूला घेतला. आबांनी पुन्हा केला, ती पुन्हा सरकली. कार्टीने ओळखलं होतं! वजीर घालवूच देईना. घड्याळ पळतंय. आबांना वजीर मागे घ्यायचा होता, मला भिंतीपासून दिसत होतं. हात गेला, नि बोट राजाच्या क्रॉसवर.

पंच दुसऱ्या टेबलाशी. कुणी बघितलं नाही. पोरीने बघितलं. बोलली, "आजोबा, तुम्हाला वजीर घ्यायचा होता ना? घ्या, मी नाही सांगणार."

आबा बोलले, "नाय बाय. हात लागला तो लागला." राजा एक घर पुढे गेला. चार चालींत मात.

उठून तिच्या डोक्यावर हात ठेवला. पाचात तीन. कप नाही. साठ वर्षांवरचे चारच जण होते, त्यात पहिले आले, एक प्रशस्तिपत्र मिळालं. त्यावर नाव छापून ठेवलेलं नव्हतं, पंचांनी पेनाने लिहिलं. लिहिताना विचारलं, काय करता? आबा बोलले, "मी घरीच. पोरगा सोंगट्या कातणारा हाय."

टेम्पोत सगळे गात होते. आबा नाही. मधेच मला बोलले, "धा मिलीमीटर."

"काय?"

"राजा नि वजीर. धाच मिलीमीटरचा फरक. कुणी ठरवला?"

"माहीत नाही आबा. मास्तर सांगतो तसं कातायचं."

"विचारलं नायस कधी?"

नाही विचारलं.

१५ डिसेंबर, सोमवार

आबा सकाळपासून जुना नि नवा सेट शेजारी-शेजारी लावून बसलेत. माझी मोजपट्टी त्यांच्याकडे. हत्ती घोड्याहून कमी का, हे आता त्यांनीही विचारलं. आई बोलली, "मी कवाच विचारलंय!"

१७ डिसेंबर, बुधवार

मास्तरचा फोन. परदेशी माल पुन्हा सुरू झाला, पंचवीस तारखेच्या आत ये. मी घोड्यांची गोष्ट सांगितली, गाढव नि बकऱ्याची. खूप हसला. बोलला, ये, घोडेवाल्यांच्या बाकाजवळ बसून बघ. शिकवीन असं बोलला नाही. बघ बोलला.

आईला सांगितलं. तिने शाल घडी करून ठेवली.

१८ डिसेंबर, गुरुवार

आबांना सांगितलं. वाटलं, पुन्हा भिंतीकडे तोंड. ते बोलले, "हा तुझा मास्तर, त्याला ठाऊक असंल काय? धा मिलीमीटरचं?"

"असेल. फोन लावू?"

"फोनवर नको. समोर बसून विचारतो."

२१ डिसेंबर, रविवार

पनवेल. गाडी दीड तास उशिरा. आबा बाकावर बसलेत, कंबरेला पट्टा, मांडीवर भाकऱ्यांचं गाठोडं. मुंबईच्या पुढे उभ्या जन्मात गेलेले नाहीत. अमृतसर किती लांब, हे गाडी यायच्या आधीच दोनदा विचारून झालं. अक्षदाने मोबाइलवर चार्ट बघून कळवलं. त्यांचं तिकीट कन्फर्म झालंय. माझं अजून वेटिंग.